सिंहासनावरचा माणूस कुणाला नको आहे?

नाताळचा आठवडा आला की मराठी वैचारिक लेखनात एक येशू हमखास अवतरतो. हा येशू सुताराचा मुलगा असतो, गरिबांचा कैवारी असतो, बायकांशी बरोबरीनं बोलतो, पुरोहितांना खडसावतो, डोंगरावर बसून चार सुंदर गोष्टी सांगतो. लिहिणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल आदर असतो, आणि तो खराही असतो. मग शेवटच्या परिच्छेदात लेखणी वळण घेते. एवढा थोर माणूस, पण अनुयायांनी त्याला देव करून टाकलं, स्वर्गात नेऊन देवाच्या उजवीकडे बसवलं आणि स्वतःची सुटका करून घेतली! पायांवर डोकं ठेवलं की पावलांवरून चालावं लागत नाही.

वाक्य टाळ्या घेतं. मराठी वाचकाला ते चटकन पटतं, कारण पुतळे, जयंत्या आणि हारतुरे यांचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. ज्याचं ऐकायचं नाही त्याला देव्हाऱ्यात बसवायचं ही आपली जुनी खोड. तेव्हा ख्रिस्ती लोकांनीही तेच केलं असणार, असा निकाल देऊन लेखक मोकळा होतो. पुरावा तपासायची तसदी घेत नाही. आपल्या घरातला रोग शेजाऱ्यालाही झालाच असला पाहिजे, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

गंमत अशी की चर्चमध्ये बसलेले पुष्कळ भाविक या मताला तोंडानं विरोध करतात आणि वागण्यातून दुजोरा देतात. नाताळला घरावर चांदणी लागते, उत्तम शुक्रवारी देवळं भरतात, ईस्टरला नवे कपडे निघतात. त्यानंतर चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहणाचा सण येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जर्मनीत या दिवशी सरकारी सुटी असते. तिथले बरेच पुरुष ती हातगाड्यांवर बिअर लादून रानात हिंडण्यात घालवतात, कारण तोच त्यांचा ‘पितृदिन’. येशू वर गेला म्हणजे कथा संपली, नायक घरी गेला, आता पडदा पाडा. टीकाकार म्हणतात, त्याला वर ढकललं; भाविक समजतात, तो वर विसावा घेतोय. दोघांच्या मनातलं चित्र एकच आहे, आणि ते साफ चुकीचं आहे.

टीकाकारांवर अन्याय नको, म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याहून नेटकं मांडतो. आरोप चार आहेत. पहिला, हे सिंहासन उशिरा घडवलेलं आहे. गालीलच्या साध्या गुरूला रोमन सम्राटाच्या काळातल्या बिशपांनी त्यावर बसवलं. दुसरा, ‘देवाच्या उजवीकडे’ ही पोरकट भूगोलाची कल्पना आहे. दुर्बिणीनंतर ती टिकत नाही. तिसरा, जो वर गेला तो खालून गेला. स्वर्गातला ख्रिस्त पृथ्वीवरच्या माणसाच्या काही कामाचा नाही. चौथा, स्वर्गात राजा बसवला की पृथ्वीवरच्या राजांचं फावतं. आता एकेक घेऊ.

पहिला आरोप तारखांचा आहे, तेव्हा तारखाच पाहू. येशूला क्रूसावर मारलं ते पंतय पिलाताच्या अमदानीत, इ.स. ३०च्या आसपास. प्रेषित पौलानं रोममधल्या मंडळीला पत्र लिहिलं ते इ.स. ५७च्या सुमारास. त्या पत्राच्या आठव्या अध्यायात मेलेला, उठलेला, देवाच्या उजवीकडे असलेला आणि तिथून आपल्यासाठी रदबदली करणारा ख्रिस्त आहे. पौल ही गोष्ट नवा शोध म्हणून सांगत नाही. वाचणाऱ्यांना ती ठाऊकच आहे अशा थाटात लिहून पुढे जातो. म्हणजे येशूच्या मरणानंतर पुरती तीस वर्षंही झालेली नाहीत. त्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. ही कल्पना जिथून आली ते ११०वं स्तोत्र, ज्यात एका राजाला देव आपल्या उजवीकडे बसायला सांगतो, ते नव्या करारात जितक्या वेळा येतं तितका जुन्या करारातला दुसरा कुठलाच मजकूर येत नाही. इ.स. ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात. ख्रिस्ताला देव्हाऱ्यात बसवल्याचं खापर ज्याच्यावर फुटतं तो सम्राट कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मायलाही दीडशेहून अधिक वर्षं बाकी होती.

आणि बिशपांची नायसियाची ती बदनाम परिषद? इ.स. ३२५मध्ये तिथं भांडण झालं ते पुत्राचं पित्याशी नेमकं नातं काय यावर. हरलेला एरियसही ख्रिस्ताला स्वर्गात गौरवलेला मानत होता. त्याहून मौज म्हणजे त्या वर्षी मंजूर झालेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, स्वर्गारोहण आहे, पण ‘उजवीकडे बसला’ हे कलमच नाही! ते ३८१च्या मतांगीकारात दिसतं. म्हणजे जे बिशपांनी ३२५मध्ये शोधून काढलं असं आपल्याला सांगितलं जातं, ते त्यांच्या मसुद्यात नव्हतं. पौलाच्या पत्रात मात्र अडीचशे वर्षांहून अधिक काळ आधीपासून होतं.

माणसाला देव करण्याचा कारखाना त्या काळी नव्हता असं नाही. चांगला चालू होता, पण तो रोममध्ये होता. इ.स.पू. ४२मध्ये सीनेटनं ज्युलियस सीझरला देव ठरवलं आणि त्याचा दत्तक मुलगा आपोआप देवपुत्र झाला. तो ऑगस्टस इ.स. १४मध्ये मेला, तेव्हा नुमेरियस अॅटिकस नावाच्या एका सीनेटरनं शपथेवर सांगितलं की मी सम्राटाला आकाशात चढताना पाहिलं. इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो की या साक्षीबद्दल विधवा लिव्हियानं त्याला दहा लाख सेस्टर्स बक्षीस दिले. गादीवर लिव्हियाचाच मुलगा बसला होता. सम्राट टायटसच्या कमानीत आजही टायटस गरुडाच्या पाठीवरून वर जाताना दिसतो. या प्रकाराचं रहस्य सम्राट व्हेस्पेझियनला ठाऊक होतं. मरता मरता त्यानं विनोद केला की आपण बहुधा देव व्हायला लागलोय. देव्हाऱ्याचा सिद्धांत लावायचा तर इथं लावा. कुणी देव केलं? वारसांनी. कशासाठी? गादीसाठी. किंमत कुणी मोजली? तिजोरीनं.

आता यरुशलेमेकडे वळा. गुलामांना आणि बंडखोरांना देत असत ते मरण ज्याला सरकारनं जाहीरपणे दिलं, तोच सर्वोच्च ठिकाणी आहे असं सांगणाऱ्यांना काय मिळालं? फटके, तुरुंग आणि स्तेफन या अनुयायाला धोंडे. रोमच्या पॅलटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेलं एक चित्र सापडलं आहे : क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आणि त्याच्यापुढे हात उंचावून उभा असलेला कुणी अलेक्सामेनोस, खाली टोमणा, की हा आपल्या देवाला भजतोय. ही त्या दाव्याची बाजारातली किंमत होती. असला देव घडवून कुणाचा कसला फायदा होणार होता, हे सांगायची जबाबदारी आरोप करणाऱ्यांची आहे. तीनशे वर्षांनंतरचा सम्राट पुढे करून ती टळत नाही.

पण या आरोपाचं खरं मर्म त्या टाळ्या घेणाऱ्या वाक्यात आहे : उंच बसवलं की मागे चालावं लागत नाही. ते तपासायला पौलाचंच दुसरं पत्र काढू. तुरुंगातून त्यानं फिलिप्पै इथल्या मंडळीला ते लिहिलं. फिलिप्पै म्हणजे निवृत्त रोमन शिपायांना जमिनी देऊन वसवलेली वसाहत. हुद्दा, मान, पायरी यांवर जगणारं गाव. मंडळीतही कुरबुरी होत्या. दोन कार्यकर्त्या बायकांचं आपसात पटेनासं झालं होतं. पौल त्यांना सांगतो की दुसऱ्याला आपल्याहून मोठं माना, आणि त्यासाठी ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. तो देवाच्या बरोबरीचा असून दास झाला, खाली खाली उतरत क्रूसावरच्या मरणापर्यंत गेला, म्हणून देवानं त्याला सर्वांत वर चढवलं आणि आता स्वर्ग, पृथ्वी, पाताळ यांतला प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकणार आहे. ख्रिस्ताच्या उच्चपदाबद्दलच्या अगदी सुरुवातीच्या मजकुरांतला हा एक, आणि तो लिहिला आहे माणसांनी त्याच्या पावलांवरून चालावं म्हणूनच! जो खाली उतरला त्याच्यावर देवानं मोहोर उमटवली, तेव्हा आता उतरण्याची लाज धरू नका, हा त्याचा अर्थ. सिद्धांत सांगतो की सिंहासन हे न चालण्याचं निमित्त आहे. कागद सांगतो की तेच चालण्याचं कारण आहे. कागदावर विश्वास ठेवायचा की टाळ्यांवर?

दुसरा आरोप भूगोलाचा. युरी गागारिन १९६१मध्ये अंतराळात जाऊन आला आणि तिथं देव दिसला नाही असं एक वाक्य त्याच्या तोंडी घातलं गेलं. रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन पंडितानं १९४१मध्ये हेच भारदस्तपणे मांडलं होतं : वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली पाताळ अशा तीन मजली विश्वावर विजेच्या दिव्याच्या युगातला माणूस विश्वास ठेवू शकत नाही. ठीक. पण तो ठेवत होता कोण? इ.स. ३९३मध्ये हिप्पो इथं आफ्रिकेतल्या बिशपांपुढे बोलताना ऑगस्टिननं सांगून टाकलं होतं की देवाला माणसासारखी डावी-उजवी बाजू आहे असं समजू नका. आठव्या शतकात दमिष्कच्या योहानानं तेच सांगितलं. १५२९मध्ये मारबुर्ग इथं ल्यूथर आणि झ्विंगली हे धर्मसुधारक प्रभुभोजनावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा ख्रिस्ताचं शरीर आता कुठं आहे यावर त्यांचं जमलं नाही. पण देवाचा उजवा हात सगळीकडे आहे, कारण तो देवाचं सामर्थ्य आहे, हे ल्यूथरचंच मत. या वादात ल्यूथरच्या उलट बाजूला उभा असणारा कॅल्विनही ‘बसणं’ म्हणजे देहाची बैठक नसून अधिकार, असंच म्हणतो. दीड हजार वर्षं ज्यांनी हे गंभीरपणे मानलं त्यांतल्या जाणत्यांना अवकाशयानाची वाट पाहावी लागली नाही.

चित्रकारांनी गोंधळ घातला हे कबूल. ड्यूररच्या एका लाकडी ठशात वरच्या कडेला फक्त येशूची पावलं लोंबताना दिसतात आणि खाली खडकावर ठसे उमटलेले असतात. जैतुनाच्या डोंगरावर तसा ठसा असलेला दगड यात्रेकरूंना आजही दाखवतात. पण चित्राला चौकट लागते म्हणून श्रद्धेलाही ती लागते असं कुठं आहे? ‘वरून हुकूम आलाय’ असं कचेरीत कुणी म्हटलं तर आपण छताकडे पाहत नाही. आणि आकाशाकडे टक लावणाऱ्यांची खिल्ली सगळ्यांत आधी बायबलनंच उडवली आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्याच अध्यायात शिष्य तोंड वर करून उभे राहतात, तेव्हा पांढऱ्या वस्त्रांतले दोघे येऊन त्यांना हटकतात की इथं आकाशाकडे बघत काय उभे राहिलात? त्यांना शहरात परतायचं असतं, कामाला लागायचं असतं. स्वर्गारोहणाची कथाच माणसांना आकाशाकडून जमिनीकडे वळवते. बुल्टमानच्या वाचकांना हे ओझरतं तरी दिसायला हवं होतं.

तिसरा आरोप जास्त मुरलेला आहे, कारण तो टीकाकारांपेक्षा भाविकांच्याच हाडीमासी अधिक भिनलाय. वर गेला म्हणजे निवृत्त झाला. बसला म्हणजे विसावला. ज्यांना हे वाटतं त्यांनी ‘इब्री लोकांस पत्र’ एकदा सावकाश वाचावं. त्यातला युक्तिवाद वकिली आहे. यरुशलेमच्या मंदिरातला याजक रोज उभा राहून तीच ती बलिदानं पुन्हा पुन्हा करतो, कारण त्याचं काम कधी संपतच नाही. ख्रिस्तानं एकदाच, कायमचं बलिदान केलं आणि तो बसला. या बसण्यातून निघणारा निष्कर्ष फार महागात पडणारा आहे. पापाच्या हिशेबात आता कुणालाही नवी आकारणी करता येत नाही. नवं बलिदान नाही, नवी दक्षिणा नाही, देव आणि माणूस यांच्यामधला दलाल नाही. सोळाव्या शतकात ल्यूथरनं क्षमापत्रांचा बाजार उधळला, त्यामागे हाच ठाम समज होता की हिशेब चुकता झालेला आहे. धर्माचा धंदा ज्यांना चालवायचा आहे त्यांना स्वर्गातला बसलेला ख्रिस्त अडचणीचा वाटेल, यात नवल ते काय? आज तेलाच्या बाटल्या आणि ‘बीजदान’ विकून गाडी-बंगल्याची हमी देणारे प्रचारक ख्रिस्ताच्या सिंहासनाबद्दल मोठ्यानं ओरडतात खरे, पण ते सिंहासन त्यांचंच दुकान बंद करतं हे श्रोत्यांना सांगत नाहीत.

बसलेला राजा झोपलेला नसतो; न्याय बसूनच दिला जातो. शिवाय बायबल एकाच आसनाला चिकटूनही राहत नाही. स्तेफनावर धोंडे पडतात तेव्हा त्याला ख्रिस्त देवाच्या उजवीकडे उभा असलेला दिसतो. खालच्या न्यायसभेनं ज्याला दोषी ठरवलं त्याच्यासाठी वरच्या न्यायसभेत कुणी उठून उभं राहिलं आहे. त्याच धोंडे मारणाऱ्यांचे कपडे सांभाळणारा शौल, म्हणजे नंतरचा पौल, पुढे ख्रिस्ती लोकांना धरून आणायला दमिष्काच्या वाटेला लागतो. वाटेत त्याला अडवणारा आवाज विचारतो की तू माझा छळ का करतोस? शौलानं येशूला कधी हातही लावलेला नव्हता. त्यानं मारलं होतं ते यरुशलेमेतल्या साध्या बायाबापड्यांना. कळ मात्र सिंहासनावर उमटली. हा जो ‘दूर गेलेला’ ख्रिस्त म्हणून आपण हळहळतो, त्याच्यात आणि रस्त्यावर फटके खाणाऱ्यात अंतर तरी किती उरलं?

इथं समाजसुधारक येशूच्या चाहत्यांना एक विचारायचं आहे. मी भुकेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो, असं सांगणारा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला उतारा तुमच्या सर्वांत आवडीचा. भाषणात तो येतोच. पण ते बोलणारा कुठं बसला आहे हे कधी पाहिलंत? तो सिंहासनावर आहे. समोर सगळी राष्ट्रं उभी आहेत आणि तो निवाडा करतो आहे. त्या उताऱ्याचा सगळा दरारा यातच आहे की ज्या भिकाऱ्याला तुम्ही दारातून हाकललंत तोच न्यायाधीश निघतो. सिंहासन काढून टाका, मग मागे काय राहतं? गरिबांना जेवू घालावं असा एक सद्विचार. सद्विचाराला मान डोलावून पुढे जाता येतं. न्यायाधीशाला टाळून जायला वाट कुठं आहे?

मराठी वाचक स्वर्गारोहण ऐकतो तेव्हा त्याला तुकोबांचं सदेह वैकुंठगमन आठवतं, हे साहजिक आहे. पण दोन्ही एकाच कप्प्यात टाकून मोकळं होणं म्हणजे दोन्हींवर अन्याय. तिथं भक्त आपल्या विठ्ठलाकडे जातो. इथं दावा वेगळाच आहे : देव माणूस झाला, आणि काम झाल्यावर माणूसपण उतरवून न ठेवता ते घेऊनच वर गेला. ख्रिस्तानं वाटेत देह टाकून दिला असं म्हणणाऱ्यांची चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीनं चांगलीच हजेरी घेतली. पाचव्या शतकात थोरला लिओ प्रवचनात सांगत होता की आपल्या जातीचा मानवी स्वभाव देवदूतांच्याही वर नेऊन बसवला आहे. १५६३चं हायडेलबर्गचं प्रश्नोत्तर-पुस्तक स्वर्गारोहणाचा माणसाला फायदा काय असं थेट विचारतं आणि उत्तर देतं की आमचाच देह आमची हमी म्हणून तिथं आहे. भूक लागणारा, दमणारा, महारोग्याला हात लावणारा आणि सरकारनं खिळे ठोकून मारलेला देह. जखमांसकट.

ज्या समाजात माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, तिथं या दाव्याचा अर्थ सांगायला पंडित लागत नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या भागात महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली. त्यामागे कारणं अनेक असतील. पण गावानं ज्याच्या स्पर्शाची किंमत शून्य ठरवली, त्यानं ऐकलं की शहराच्या वेशीबाहेर नेऊन मारलेला एक देह विश्वाच्या सर्वांत वरच्या ठिकाणी आहे, तर ते त्याला ‘पोरकट भूगोल’ वाटेल काय?

राहिला चौथा आरोप. त्यात दम आहे. स्वर्गातल्या राजाचं नाव घेऊन पृथ्वीवरच्या राजांनी हैदोस घातला, हे मी नाकारत नाही. रोमच्या सांता पुदेंझियाना या चर्चमध्ये इ.स. ४००च्या सुमाराचं भिंतीवरचं मोझेइक चित्र आहे. त्यातला ख्रिस्त रत्नजडित आसनावर सम्राटासारखा ऐसपैस बसला आहे. गोव्यात १५६०पासून १८१२पर्यंत, मधला थोडा खंड सोडून, इन्क्विझिशन चाललं ते याच राजाच्या नावानं. स्पेनमध्ये फ्रँकोच्या पाठीराख्यांनीही हेच नाव मिरवलं. हे सगळं घडलं, आणि त्याची सारवासारव करणाऱ्यांत मी नाही.

पण सिंहासनामुळे हे घडलं, म्हणून सिंहासन काढा, असं म्हणणाऱ्याला एक विचारतो. या माणसांनी ख्रिस्ताचं राजेपण फार मनावर घेतलं म्हणून हे घडलं, की अजिबात न घेतल्यामुळे? ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात योहानाला सांगण्यात येतं की यहूदाचा सिंह विजयी झाला आहे. तो वळून पाहतो तर सिंहासनापाशी उभं असतं वधलेलं कोकरू. ऐकू सिंह येतो, दिसतं कोकरू. ख्रिस्ती श्रद्धेतलं उच्चपद हे आहे. ज्यानं दुसऱ्याला जाळण्यासाठी या राजाची आण घेतली, त्यानं कोकराला हाकलून तिथं पुन्हा सिंह बसवला. इन्क्विझिटरला गुन्हेगार ठरवायला बाहेरचा कायदा आणावा लागत नाही. ज्याच्या नावानं त्यानं शिक्षा दिल्या त्याच्या हातावरचे व्रण पुरेसे आहेत.

सत्ताधीशांना मात्र ख्रिस्ताचं हे राजेपण आपल्याकडच्या टीकाकारांपेक्षा बरं कळलं होतं. दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मुर्णा शहरात वृद्ध बिशप पॉलिकार्पला पकडलं, तेव्हा अधिकारी त्याला समजावत होते की सीझर प्रभू आहे एवढं म्हणण्यात बिघडतं काय? शहाण्यासुरत्या माणसाचा प्रश्न. पॉलिकार्पनं नकार दिला आणि तो जाळला गेला. ‘थोर शिक्षक’ मानणाऱ्याला जाळायचं रोमला काहीच कारण नव्हतं. रोममध्ये शिक्षक पैशाला पासरी होते. नको होता तो सीझरच्या वरचा कुणी.

मे १९३४मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथं प्रोटेस्टंट मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. हिटलर सत्तेवर येऊन सव्वा वर्ष झालं होतं. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणारा गट चर्चला त्याच्या दावणीला बांधायला निघाला होता. ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्टनं मुख्यतः लिहिलेली एक घोषणा तिथं मंजूर झाली; तिचा गाभा असा, की जीवनाचा कुठलाही कोपरा ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या धन्याच्या मालकीचा नाही. पुढल्या वर्षी हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे बार्टची बॉन विद्यापीठातली खुर्ची गेली. बार्मेननं ज्यूंसाठी स्पष्ट शब्द उच्चारला नाही, हा त्यावरचा डाग आहे. पण तोही याच मापानं डाग ठरतो : जिथं एकही कोपरा सुटत नाही असं म्हटलं, तिथं एक कोपरा सुटला.

दूर कशाला जायचं? १९१७मध्ये नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळावा. दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. मिशनचे साहेब एकीकडे, साम्राज्याचे साहेब दुसरीकडे, आणि मध्ये हा कवी सांगतो आहे की दरबार देवाचा आहे, तिथला धनी ख्रिस्त आहे. स्वर्गातला राजा मानणारा माणूस खालच्या साहेबांपुढे वाकतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी टिळकांचं हे शेवटचं धाडस कुठल्या खात्यात टाकायचं ते सांगावं.

आता मूळ आरोपाकडे येऊ, पण यावेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आरोप करणारा उभा आहे. माणसाला उंच बसवून त्याच्यापासून सुटका करून घेण्याचा उद्योग खरंच चालतो. पण तो कुठं चालतो? ‘थोर महापुरुष’, ‘मानवतेचा महान शिक्षक’, ‘करुणेचा सागर’ ही बिरुदं ज्याला दिली, त्याच्यावर वर्षातून एक लेख लिहिला की काम भागतं. शिक्षकाशी असहमत होता येतं, त्याचा सोयीचा धडा घेऊन गैरसोयीचा सोडता येतो, काळाच्या मर्यादा दाखवून त्याच्या पाठीवर थाप मारता येते. वर्गातून उठूनही जाता येतं. देव्हारा म्हणतात तो हाच, आणि तो ख्रिस्ती मंडळीनं बांधलेला नाही; रविवारच्या पुरवणीत बांधला गेला आहे. निरुपद्रवी येशू घडवण्याचा आरोप ज्यांच्यावर करता, त्यांचा येशू तर सम्राट आणि पुरोहित या दोघांच्याही गळ्याशी आलेला होता.

ख्रिस्त देवाच्या उजवीकडे आहे हे कुणाला मानायचं नसेल तर त्यानं जरूर मानू नये. जबरदस्तीनं गुडघे टेकवणं त्या कोकराला कधीच मान्य नव्हतं. पण नाकारायचं तर जे म्हटलं आहे ते नाकारा. म्हटलं आहे ते असं : सरकारनं गुन्हेगार ठरवलेला, धर्मपीठानं धर्मभ्रष्ट ठरवलेला, मित्रांनी टाकलेला एक माणूस आपल्या देहासकट, जखमांसकट अशा ठिकाणी आहे की त्याच्यावर अपील नाही. तो तिथून निघून गेलेला नाही, झोपलेला नाही आणि कुणाच्या खिशातही नाही. उपाशी माणसाच्या दारातली त्याची ओळख त्यानं सोडलेली नाही. पौल तर पुढे जाऊन सांगतो की शेवटी मृत्यूही त्याच्या पायाखाली येणार आणि मग तो ते राज्य आपल्या पित्याच्या हाती सोपवणार. मिळवलेली सत्ता सोपवून देणारा राजा! आपल्या ओळखीच्या कुठल्या खुर्चीला हे जमलं आहे?

हे खोटं असेल तर त्याच्याइतकं धाडसी खोटं माणसानं दुसरं रचलेलं नाही, आणि ते रचून रचणाऱ्यांना मिळाले फक्त धोंडे. हे खरं असेल तर पृथ्वीवरचं प्रत्येक सिंहासन, प्रत्येक धर्मपीठ, प्रत्येक मंत्रालय आणि बिशपांच्या खुर्च्यासुद्धा दुय्यम आहेत, उसन्या आहेत, आणि ज्याला त्यांनी तुडवलं त्याच्यापुढेच त्यांना हिशेब द्यायचा आहे. तेव्हा ख्रिस्ताला स्वर्गात बसवून चर्चनं त्याला वाटेतून हटवलं, हे पालुपद आता पुरे. तो तिथं आहे म्हणूनच वाटेत आहे.